पलीकडली

हौसाबाईनं ओली गोधडी गडग्यावर टाकली. अर्धी आपल्या बाजूला, अर्धी पलीकडे. पलीकडचं टोक मुद्दाम ओढून इतकं खाली सोडलं, की त्याचं पाणी तिकडच्या सारवलेल्या अंगणात ठिबकावं. मग कमरेवर हात ठेवून ती वाट बघत उभी राहिली.

एरवी पहिला थेंब पडायच्या आत पलीकडून आवाज आला असता. आज थेंब पडत राहिले. अंगणात रुपयाएवढं ओलं झालं, मग ताटलीएवढं झालं. एक कोंबडी येऊन त्यात चोच मारून गेली.

शेवटी घरातून मैना बाहेर आली. तिनं गोधडीकडे बघितलं, खाली ओल्या मातीकडे बघितलं, आणि लगबगीनं येऊन ते टोक उचलून पिळलं.

"खाली लागत होती, काकी. मळली असती," ती म्हणाली. गोधडी तिनं नीट पसरली, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन दगड ठेवले आणि आत गेली. संध्याकाळी वाळलेल्या गोधडीची घडी घालून ती हौसाबाईच्या पडवीत आणूनही दिली.

हौसाबाई घडीकडे बघत राहिली.

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

दादू पडवीत बसून सुतळीची पिशवी विणत होता. "चांगली पोर हाय," तो म्हणाला.

"चांगली!" हौसाबाई म्हणाली, आणि गोधडी आत नेऊन आपटली.

येसूबाईचं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते.

येसूबाई ही हौसाबाईची मोठी जाऊ. काशीराम आणि दादू हे दोघे भाऊ, आरे-वारेच्या रस्त्याच्या वर, वाडीच्या टोकाला त्यांची दोन घरं, आणि मधे छातीएवढ्या उंचीचा जांभ्या दगडाचा गडगा, त्यात एक माणूस जाईल एवढी फट. येसूबाईचा नवरा काशीराम अकरा वर्षांपूर्वी वारला. दादू उभा जन्म बोटीवर खलाशी होता, सहा वर्षांपूर्वी कायमचा घरी आला. येसूबाईचा मुलगा बाबू मुंबईला गोदीत कामाला, आणि त्याची बायको मैना, खेडच्या आतल्या एका गावातली, सासूजवळ इथं राहत होती.

चाळीस वर्षं दोघी जावा भांडल्या. कशावरून, हे वाडीत कुणाला नीट सांगता आलं नसतं. विहिरीचा दोर कुणी ओला ठेवला, गडग्यात उगवलेल्या रतांब्याची फळं कुणाच्या अंगणात पडली, चुलीचा धूर कुठं गेला, काहीही पुरायचं. पण त्या भांडणाला शिस्त होती. एकमेकींशी थेट बोलायचं नाही. येसूबाई आपल्या कोंबड्यांना उद्देशून बोलायची आणि हौसाबाई आपल्या दारातल्या माडाला. सकाळी पाणी भरून झालं की एक फेरी, दुपारी चारच्या चहानंतर दुसरी. गणपतीचे दिवस बंद. शिमग्यात पालखी दारात असली की बंद. दोघींपैकी एकीला ताप आला तर दुसरी पेज पाठवायची. पातेलं परत आलं की ते नीट घासलेलं नाही इथून पुढचं भांडण सुरू व्हायचं.

लग्न होऊन आली तेव्हा सहा महिने हौसाबाई येसूबाईला 'जाऊबाई' म्हणत होती. नंतर चाळीस वर्षं 'पलीकडली'.

दादूला कुणी साक्षीला बोलावलं की तो म्हणायचा, "मी बोटीवर होतो." बोट सुटून सहा वर्षं झाली तरी तो हेच म्हणत होता.

शहाऐंशीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, येसूबाई सकाळी चूल पेटवायला बसली ती उठलीच नाही. मैनाची हाक ऐकून गडग्याच्या फटीतून पहिली धावली ती हौसाबाई. तिनंच पाय सरळ केले, तिनंच केस विंचरले, ट्रंकेतलं धुतलेलं लुगडं तिनंच शोधून काढलं. बायका रडत होत्या. हौसाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. पुरुषमाणसं येसूबाईला उचलून बाहेर काढू लागली तेव्हा तिनं सगळ्यांना थांबवलं.

"त्या पायरीवरून सांभाळून. तो दगड हलतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं सांगतेय तिला."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हिला काही वाटलेलं नाही, असं वाडीनं धरलं.

तेराव्यानंतर खालच्या आळीतली गंगुबाई भेटायला आली. पडवीत बसून तिनं पानाला चुना लावला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "सुटलीस गो हौसे. आता वाडीत शांतता."

"तू कधी सुटणार?" हौसाबाईनं विचारलं.

हे वाक्य तसं साधं होतं. येसूबाईला टाकलं असतं तर तिनं ते हवेतल्या हवेत झेलून, फिरवून, दुप्पट वजनाचं करून परत केलं असतं. गंगुबाई मात्र पान हातात धरून तशीच बसली. मग ती उठली, पदर सावरला आणि गेली, ती पुन्हा त्या रस्त्यानं फिरकली नाही. गंगुबाईला भांडता येत नव्हतं. तिला फक्त राग यायचा.

मग हौसाबाईनं नवऱ्यावर प्रयोग केला.

"आमटी खारट झालीय," ती म्हणाली.

"नाय. बरी झालीय," दादू जेवता जेवता म्हणाला.

"मी दोनदा मीठ घातलंय."

"म्हणूनच बरी झालीय."

तीस वर्षं निरनिराळ्या कप्तानांच्या हाताखाली काढलेल्या माणसाकडून भांडणाची अपेक्षा करणं चुकीचं आहे, हे हौसाबाईला कळलं. राहता राहिली मैना. तिच्यावर तिची सारी भिस्त होती. काही झालं तरी ती त्या घरात पाच वर्षं राहिली होती, रोज दोन वेळा ऐकत होती, काहीतरी कानावरून गेलंच असणार.

हौसाबाईनं विहिरीचा दोर भरपूर भिजवून चिखलात टाकला. मैनानं तो धुतला, उन्हात वाळवला आणि नीट वेटोळं करून ठेवला. हौसाबाईनं ओला पालापाचोळा गडग्याला लागून पेटवला, धूर सगळा पलीकडे गेला. मैना खोकत खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "काकी, तुम्ही लांब व्हा, डोळ्यांना त्रास होईल. मी बघते." हौसाबाई माडाला उद्देशून मोठ्यानं म्हणाली, की काही लोकांच्या कोंबड्यांना वळण म्हणून नाही. दुसऱ्या दिवसापासून मैनानं कोंबड्या टोपलीखाली डालून ठेवल्या.

"अशा माणसाबरोबर राहायचं कसं?" हौसाबाईनं दादूला विचारलं.

दादू विणत राहिला.

फेब्रुवारीत एकदा तिची लेक सखू येऊन तिला पोफळीला घेऊन गेली. जावई तिथं वीजघरात होता आणि कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळाली होती. हवापालट होईल, असं सखूचं म्हणणं. पंधरा दिवसांसाठी गेलेली हौसाबाई चौथ्या दिवशी एस्टीनं परत आली.

"काय झालं?" दादूनं विचारलं.

"काय व्हायचंय? घरं सगळी सारखी. नळ ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्या घरात. शेजारीण दार लावून घेते आणि दार उघडलं की हसते." तिनं पिशवी खाली ठेवली. "जगतात कशी देव जाणे."

हातपाय धुऊन ती सरळ अंगणात गेली. गडग्याशी जाऊन उभी राहिली. चार दिवसांत पोफळीला बघितलेलं खूप काही तिच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. पलीकडे अंगण झाडलेलं होतं आणि पडवीत कुणी नव्हतं. थोडा वेळ गडग्यावरचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडून ती परत आली.

त्यानंतर तिचं जेवण कमी झालं. आधी अर्धी भाकरी, मग पेज, मग पेजेवरचं पाणी. तांदूळ निवडायला सूप घेऊन बसायची आणि तासाभरानं उठायची तेव्हा तांदळात खडे तसेच. अंगण सारवायची पाळी आली तरी तिला सुचेना, तेव्हा दादूनंच कुणी बघत नाही असं पाहून सारवलं. बोटीचा डेक धुवायची सवय असल्यामुळे त्यानं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्ट्यांत सारवलं. हौसाबाई त्यावरून चालत गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा दादू घाबरला.

तो तिला रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेला. तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली.

"तसं काही दिसत नाही," तो म्हणाला. "मनाला काही त्रास आहे का, आजी? घरात कटकट?"

हौसाबाई खिडकीबाहेर बघत होती. दादूनं घसा साफ केला.

"होती, डॉक्टरसाहेब. चाळीस वर्षं होती," तो म्हणाला. "ती गेली, तेव्हापासून हे असं."

डॉक्टरनं त्याच्याकडे बघितलं. मग टॉनिक लिहून दिलं, लाल रंगाचं, जेवणानंतर दोन चमचे. ते जेवणानंतर घ्यायचं असल्यामुळे आणि जेवण होत नसल्यामुळे बाटली फळीवर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मैनानं दादूला गाठलं.

"काका, काकी जेवल्या काय?"

दादूनं मान हलवली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काय नाय म्हणाले."

मैनानं घागर काठोकाठ भरली. ती उचलायच्या आधी ती बराच वेळ पाण्यात बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "उद्या तुम्ही दुपारी घरीच हायत ना?"

"मी कुठं जाणार?"

"नाय, म्हणजे… तुम्ही असलात तर बरं," मैना म्हणाली आणि घागर कमरेवर घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. उन्हं माडाच्या मागे गेली होती. हौसाबाई पडवीत खांबाला टेकून बसली होती. समोर कपात चहा होता, त्यावर साय धरली होती. दादू नेहमीच्या जागी विणत होता.

मैना पलीकडच्या घरातून बाहेर आली. तिच्या हातांत मोठं पातेलं होतं. ती गडग्यापर्यंत आली, थांबली, तिनं एकदा हौसाबाईकडे आणि एकदा दादूकडे बघितलं. तिनं डोळे मिटले. मग पातेलं गडग्यावर टेकवून तिनं ते सगळंच्या सगळं हौसाबाईच्या अंगणात ओतलं.

मासळी धुतलेलं पाणी होतं ते. खवले, रक्त, बांगड्यांच्या आतड्यांसकट. दादूच्या सरळ पट्ट्यांवरून वाहत ते पार तुळशीपर्यंत गेलं. वास पडवीत पोचला.

दादूचे हात थांबले.

हौसाबाईनं अंगणाकडे बघितलं. मग मैनाकडे बघितलं. मैना रिकामं पातेलं छातीशी धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंस गो?" हौसाबाईनं विचारलं.

"पाणी ओतलं."

"कुठं ओतलंस?"

"इथं," मैना म्हणाली. मग तिला वाटलं हे पुरेसं नाही, म्हणून तिनं बोटानं दाखवलं. "तुमच्या अंगणात."

हौसाबाई उठली. उठताना खांबाचा आधार घ्यावा लागला, पण पायरी उतरेपर्यंत तिचा हात कमरेवर पोचला होता.

"डोळे फुटले काय? तुमचं परस काय समुद्रानं गिळलं? काल सारवलंय मी अंगण!"

दादूनं मान खाली घातली.

"अंगण तुमचं असलं," मैना म्हणाली, "अंगण तुमचं असलं तरी…" तिनं हे वाक्य सकाळपासून पाठ केलं असावं. ते तिच्या तोंडातून निम्मंच आलं आणि निम्मं कुठंतरी हरवलं. "तरी… उतार आमच्याकडे हाय."

हौसाबाई थबकली. "उताराचा काय संबंध?"

"माहीत नाय, काकी."

"काकी? भांडताना काकी म्हणतात?"

"मग काय म्हणू?"

"काय म्हणायचं नसतं! माझ्याशी बोलायचंच नाय. कोंबडीकडं बघून बोलायचं!"

मैनानं इकडेतिकडे बघितलं. "कोंबड्या डालल्यात. तुम्हीच म्हणालात ना…"

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. "बरं. आजच्यापुरता माझा माड घे."

मैनानं मान वर करून माडाकडे बघितलं. माड चांगलाच उंच होता. "माडा," ती नम्रपणे म्हणाली, "काकींना सांग…"

"अशी नाय गो, अशी नाय!" हौसाबाई ओरडली. "तुला काय पत्र वाचून दाखवायचंय? ते पातेलं खाली ठेव आधी. हात कमरेवर. इथं. आवाज पोटातून येऊ दे. पाच वर्षं राहिलीस ना तिच्याजवळ? काय शिकलीस?"

"त्या मला काय शिकवत नव्हत्या," मैना म्हणाली. "म्हणायच्या, तुझ्यानं नाय व्हायचं."

"ते बरोबर म्हणायची. सर बाजूला."

गडग्याच्या फटीतून हौसाबाई पलीकडे गेली. तिनं मैनाला दंडाला धरून बाजूला केलं आणि ती रतांब्याच्या बुंध्याशी, येसूबाईच्या जागी उभी राहिली. डावा पाय जरा पुढे. पदर खोचलेला. मान किंचित तिरकी, आणि तोंड आपल्याच घराकडे.

"'आगो बायांनो,'" ती म्हणाली, आणि दादूच्या हातातली सुई खाली पडली. आवाज हौसाबाईचा नव्हताच. तो नाकातून निघालेला, बारीक, शेवटच्या अक्षरावर वर चढणारा आवाज येसूबाईचा होता. "'आगो, आज ओरडतंय कोण? अंगण सारवलं म्हणे! सारवलं का शेण सांडलं? माझ्या सासूनं बघितलं असतं तर पुन्हा माहेरी धाडली असती. थेंबभर पाणी पडलं तर एवढा आरडाओरडा, आणि गेल्या श्रावणात हिचा रेडा घुसून माझे पडवळाचे वेल…' वेल खाल्ले नव्हते त्यानं, नुसते तुडवले होते, पण ती नेहमी खाल्ले म्हणायची, 'माझे पडवळाचे वेल खाऊन गेला तेव्हा मी बोलले काय? एक शब्द बोलले काय?'"

इथं ती थांबली.

थांबायचंच होतं. इथं येसूबाई नेहमी दम घ्यायची, आणि त्या दम घेण्यात पलीकडून हौसाबाईचं उत्तर यायचं. म्हणायचं काय ते ठरलेलं होतं: बोलली की, तीन दिवस बोलली, माडा, तूच सांग.

हौसाबाई वाट बघत राहिली. समोर तिचंच घर होतं. एवढ्या वर्षांत ते तिनं इथून, असं उभं राहून कधी बघितलं नव्हतं. पडवीचा खांब दिसत होता, खांबाजवळचा चहाचा कप दिसत होता. माडाखाली कुणी उभं नव्हतं.

"एक शब्द…" ती पुन्हा म्हणाली. आवाज मधेच फाटला आणि तिचा स्वतःचा झाला.

ती खाली बसली. बसली म्हणजे गडग्याला धरून हळूहळू उतरत गेली आणि मातीत टेकली. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच. आधी खोकल्यासारखा, मग मोठ्यानं, मग इतका मोठ्यानं, की खालच्या आळीत गंगुबाईनं हातातलं काम टाकून कान दिला. दादू पायरीपर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. मैना तिच्याजवळ बसली. तिला हात लावावा की नाही हे न कळून तिनं रिकामं पातेलं उचलून मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळानं हौसाबाईनं नाक पुसलं.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. "हे पाणी ओतायचं?"

"आईंनी."

"कधी?"

"कधीतरी सांगितलेलं," मैना म्हणाली. "मामंजी गेले तेव्हाची गोष्ट. म्हणाल्या, महिनाभर मी कोपऱ्यातनं उठले नाय, पाणीसुद्धा कुणी पाजलं तर. जगायचंच नव्हतं. मग म्हणाल्या, एक दिवस हिनं मासळीचं पाणी आणून ओतलं माझ्या दारात. असा राग आला, असा राग आला, की झाडू घेऊन बाहेर धावले." मैना थांबली. "म्हणाल्या, भांडून झालं आणि भूक लागली."

रतांब्याच्या पानांतून वारा गेला. हौसाबाई तळहाताला चिकटलेले मातीचे कण एकेक करून झाडत होती.

"तिला कळलेलं?" तिनं हळूच विचारलं. "मी मुद्दाम ओतलेलं, ते?"

"त्या हसत सांगत होत्या."

"मला कधी बोलली नाय मेली." हौसाबाईनं पुन्हा डोळे पुसले. "किती ओतलं म्हणाली?"

"पातेलंभर."

"पातेलंभर?" हौसाबाईची मान वर झाली. "हंडा होता! शेजारच्या दोन घरांतनं मागून आणलेलं पाणी मी, पुरावं म्हणून. हंडाभर ओतलं!"

"आई पातेलं म्हणाल्या."

"ती काय म्हणणार! तिला माझं काही कबूल करायचं म्हणजे…"

"आई खोटं बोलत नव्हत्या," मैना म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता. हातसुद्धा कमरेवर नव्हते, ते पातेल्यावर होते. पण तिनं माडाकडे बघितलं नव्हतं, सरळ हौसाबाईकडे बघितलं होतं. पाच वर्षं ज्या बाईच्या हाताखाली ती राहिली होती, तिच्यासाठी तिलाही अजून नीट रडायला कुणी वेळ दिला नव्हता.

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, नजर न काढता. "सांगा हो हिला. हंडा होता की पातेलं?"

"मी बोटीवर होतो," दादू पायरीवरून म्हणाला.

या वेळी ते खरं होतं, पण कुणी विश्वास ठेवला नाही.

हौसाबाई गडग्याला धरून उठली. मैनानं आधाराला हात पुढे केला. हौसाबाईनं तो घेतला, आणि उभी राहिल्यावरही लगेच सोडला नाही. मग तिला काहीतरी आठवलं. तिनं नाक वर करून वास घेतला. घाणीचा नव्हे, त्याच्या मागून येत असलेला दुसराच. पलीकडच्या, म्हणजे आता ती उभी होती त्या घरात, चुलीवर तिरफळ घातलेलं कालवण शिजत होतं.

"बांगडे केलेस?"

"होय."

"तिरफळं जास्त झालीत. इथपर्यंत वास येतोय."

"आमच्याकडे एवढीच घालतात," मैना म्हणाली.

"आमच्याकडे म्हणजे कुठं? खेडला?"

"खेडला."

"खेडला काय कळतंय मासळीतलं," हौसाबाई म्हणाली. मग थोडं थांबून, "किती आणलेस?"

"सहा. दोन तुमच्याकडे पाठवणार होते."

"दोनच?"

मैनानं पातेलं काखेत घेतलं. डोळे पुसले.

"दोनच," ती म्हणाली. आणि कुणाच्याही उत्तराची वाट न बघता घरात निघून गेली.

हौसाबाई त्या उघड्या दाराकडे बघत उभी राहिली. फटीतून इकडे येऊन अंगणातल्या चिखलातून पावलं टाकत ती पडवीशी पोचली, तेव्हा दादूनं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"दोनच देणार म्हणते," हौसाबाई म्हणाली. "भात टाकते मी. तुम्ही जरा मोठी ताटं काढा."